शेठची झोप मला लागली

नजर, करणी, अंगात येणं... आमच्या घरात यातलं कुणीच मानत नव्हतं. माझा भाऊ मंगेश तर तिठ्यावर उतरवून ठेवलेला नारळ उचलून आणायचा आणि फोडून खायचा. त्यामुळे हे लिहिताना मलाच विचित्र वाटतंय.

मी धसईच्या बाजारात ब्लाउज शिवते. मंगेश टोकावड्याहून बाइकने घरी येत होता, तेव्हा त्याला एका पिकअपने उडवलं. गाडीवाला थांबलासुद्धा नाही. वेळेत उचलला असता तर वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले. गाडी आमच्याच गावच्या बबनशेठची होती आणि चालवतही तोच होता. ते बघणाऱ्या दोघांनी आम्हाला तसं सांगितलं, पण पोलिसांसमोर दोघंही म्हणाले, "अंधार होता, आमी काय बघितला नाय."

तेव्हापासून माझी झोप गेली. पडलं की ती पिकअप डोळ्यांसमोर यायची.

मुरबाडच्या डॉक्टरांनी सांगितलं ते सगळं केलं. दुपारनंतर चहा बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत, रोज ठरल्या वेळेला अंथरुणात. आई तळपायाला तेल चोळायची, दुधात जायफळ द्यायची. गोळ्यांनी नुसतं डोकं जड व्हायचं. एकदा मशीनची सुई बोटातून आरपार गेली, तरी मला कळायला वेळ लागला... इतकी मी बधिर झाले होते.

मग गावात एक लग्न होतं. दुपारच्या पंगतीत मी जिलेबी वाढत होते. बबनशेठ शेजारच्याला सांगत होता, "आपल्याला काय टेन्शन नाय. पाठ टेकली का घोरलोच!"

माझा हात थांबला. मी त्याच्यासमोर उभी राहून म्हणाले, "शेठ, तुमची झोप मला लागू दे."

शेजारचे हसले. तोही हसला. "घे की बाय, घे!"

घरी आले आणि ओटीवर साडीसकट आडवी झाले ती दिवे लागले तरी उठले नाही. आई घाबरून नाकाशी हात धरून बसली होती म्हणे. त्या दिवसापासून मला लहान मुलासारखी झोप लागते...

आणि शेठची गेली. आधी मी याला योगायोगच समजत होते. पण त्याची बायको ब्लाउज टाकायला आली, तेव्हा रडायलाच लागली. "डोला लागत नाय गो त्यांचा. कल्याणचे डॉक्टर झाले, देव झाले..." मी गुपचूप माप घेत राहिले. खरं सांगते, मला बरं वाटलं.

मधे एकदाच माझी झोप उडाली, सबंध रात्र. तेव्हा आईही जागी होती, तीच साक्षीदार. सकाळी कळलं की शेठला दवाखान्यात इंजेक्शन देऊन झोपवलं होतं. औषध उतरलं, तो जागा झाला आणि मी मशीनवर डोकं ठेवून झोपले. हे मात्र मला योगायोगात बसवता येत नाही.

गेल्या महिन्यात तो आमच्या दारात आला. गाल बसलेले, डोळे लाल, सदरा उलटा घातलेला. ओटीच्या पायरीवर बसला आणि हात जोडले.

"बाय, मी मस्करीत बोललो. माझी झोप मला दे."

"शेठ, मंगेशला कुणी उडवला?"

तो उलट्या सदऱ्याची बटणं चाचपायला लागला.

"चौकीत जाऊन एवढंच सांगा. मग देते."

"मी आत गेलो तर माझ्या घरच्यांचं काय होईल गो?"

मी काही बोलायच्या आधीच आतून आईचा आवाज आला. मंगेश गेल्यापासून ती कुणाशी चढ्या आवाजात बोलली नव्हती. "नको देऊस त्याला! माझा पोर रस्त्यावर पडला होता, तवा हा घरी येऊन झोपला."

शेठ उठला. जाताना दोनदा भिंतीला धडकला.

चौकीत तो अजून गेलेला नाही. हे कसं होतं, मला माहीत नाही. मी ते शब्द परत घेतले तर त्याला झोप लागेल का, तेही माहीत नाही... मी घेऊन बघितलेले नाहीत. तो कबुली देईपर्यंत बघणारही नाही.