दाखल्यांपायी बानं खणलेला पाया

माझा बा चपला बाहेर काढून ऑफिसात शिरला आणि प्राचार्यांनी क्लार्कला पंखा वाढवायला सांगितलं. "वास येतोय," म्हणाले. बानं ऐकलं. तो दोन पावलं मागं सरला.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. पनवेलच्या एका खाजगी कॉलेजात मी डिप्लोमाला दोन महिने काढले होते. मग अलिबागला सरकारी नर्सिंगला नाव लागलं. राहणं-जेवण फुकट. सुकापूरच्या पुढं आमची वाडी, तिथून एवढ्या लांब शिकायला कुणी गेलंच नव्हतं. मी कॉलेज सोडल्याचा अर्ज दिला, मार्कशीट आणि दाखले परत मागितले. सोमवारी मूळ कागद दाखवायचे होते.

"उरलेल्या दोन वर्षांची फी भर, मग कागद ने," प्राचार्य म्हणाले. "सीट अडवलीस. तुम्हा लोकांना सगळं आयतं मिळतं, म्हणून किंमत नाही."

मी बोलणार, तर बानंच मला गप्प केलं. त्याला साहेबांचं पटलं होतं. बा जन्मभर वीटभट्टीवर राबलेला. शेठकडून आगाऊ पैशाची उचल घेतली की हंगाम संपेपर्यंत भट्टी सोडायची नाही, एवढा एकच कायदा त्याला ठाऊक. कॉलेजही त्याला भट्टीच वाटली. हात जोडून म्हणाला, "सायेब, पोरीला सोडा. तिच्या बदली मी राबतो."

प्राचार्य हसले. कंपाउंडच्या भिंतीचा पाया खणायचा होताच.

चार दिवस बा खणत होता. मी घमेल्यानं माती उपसत होते. माझ्या बाकावर बसणारी मुलगी चहाला जाताना बघून गेली, ओळख दाखवली नाही. मला बाची लाज वाटली. आज त्या लाजेचीच लाज वाटते.

शनिवारी पाया पुरा झाला. बा ऑफिसात गेला. क्लार्क म्हणाला, "काम चांगलं केलंस. पण दाखल्यांचं असं नसतं."

बा बाहेर आला. मला म्हणाला, "आनखी काय काम हाय का, इचारतो."

मी त्याच्या हातातली कुदळ काढून घेतली. "बा, मी कुणाची उचल घेतली नाय. कागद माझे हायत."

वहीचं पान फाडून अर्ज लिहिला. माझे दाखले कोणत्या नियमानं अडवले, ते लेखी द्या. क्लार्क पोच देईना. मी दारातच बसले. शिपायानं दंडाला धरून उठवलं, तरी पुन्हा बसले. संध्याकाळी पोचेची सही मिळाली. दाखले नाही.

सोमवार गेला. जागा गेली. दाखले आले दीड महिन्यानं, कलेक्टर ऑफिसपर्यंत अर्ज केल्यावर. बा मरताना विचारत होता, कॉलेजाचं काही देणं राहिलं का. मी नाही म्हटलं. त्याला पटलं नाही.

आता वाडीतल्या पोरांना एकच सांगते. कुणी तुमचे कागद अडवले, तर बापाला नेऊ नका. मला न्या.