खुर्चीवरून उठले तेव्हा

आमचे हे भुसावळला रेल्वेत कारकून होते. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षे झाली होती आणि शेजारची गोरी-निमगोरी ड्रायव्हर-गार्ड मंडळी एकेक करून विलायतेची वाट धरत होती. त्यामुळे रेल्वे इन्स्टिट्यूट या कर्मचाऱ्यांच्या क्लबात रविवारी दुपारी चहाबरोबर जो नाच चालायचा, त्याला पुरुष कमी पडू लागले. शेजारच्या ड्रायव्हरच्या मेमसाहेबांनी यांना गळ घातली. लग्नात नाव घेतानासुद्धा घामाघूम झालेले आमचे हे दोन महिन्यांत तिथे भिंगरीसारखे फिरू लागले.

मलाही सोबत नेत. नाही कशाला म्हणू? मी भिंतीकडेच्या खुर्चीवर बसायची, चहा प्यायची, केक खायची. केक छान असे. पियानो सुरू झाला की जोड्या उठत आणि सगळ्या एकाच वेळी पावले टाकत, एकाच वेळी वळत, हॉलला फेरी घालत. मला ते फार आवडे. इतके आवडे की बसल्या जागी माझे पाय शिवशिवत.

एकदा घरी येताना मी विचारलेच, "मला घेऊन नाचा ना एकदा."

"छे! आपल्यात बरं दिसत नाही."

म्हणजे मेमसाहेबांच्या कमरेवर हात ठेवलेला बरा दिसत होता! 'आपल्यात' म्हणजे फक्त मी एकटीच होते की काय? त्या रात्रीच्या भाजीत मीठ जरा जास्तच पडले. मुद्दाम नव्हे, पण मला वाईटही वाटले नाही. पुन्हा विचारायचे नाही असे मी ठरवले, आणि मनातून मात्र दर रविवारी वाट पाहिली.

अशाच एका रविवारी माझे सासरे, आबा, रावेरकडच्या आमच्या गावाहून केळ्यांचा घड घेऊन आले. घराला कुलूप दिसले म्हणून विचारत विचारत थेट इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये. धोतर, टोपी, खांद्यावर घड. यांनी मेमसाहेबांचा हात असा सोडला की जणू विस्तवच धरला होता. आबा मात्र शांतपणे माझ्या शेजारच्या खुर्चीवर टेकले आणि घड पायाशी ठेवला.

सासऱ्यांसमोर सून खुर्चीवर बसते होय? मी पटकन उठले, डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि उभी राहिले.

आता त्या हॉलची रीत वेगळी होती. एक नाच संपून पुढचा सुरू होण्याआधी उभी असलेली बाई म्हणजे जोडीदाराची वाट पाहणारी बाई. एक म्हातारे गार्डसाहेब लगबगीने आले, माझ्यापुढे कमरेत वाकले आणि त्यांनी हात पुढे केला. बसावे तर आबा, उभे राहावे तर साहेब!

"काय म्हने हा सायेब?" आबांनी जवळ येऊन उभ्या राहिलेल्या यांना विचारले.

हे अडखळत म्हणाले, "तो... हिला नाचायला बोलावतो आहे, आबा."

आता काय होते, या भीतीने मी पदर आणखी पुढे ओढला. आबांनी एकदा साहेबांकडे पाहिले, एकदा यांच्याकडे.

"त्याच्या संगे काहाले? नवरा हाये ना तिले! जाय, तू जाय तिच्या संगे."

"आबा, पण आपल्यात..."

"मंग परक्याच्या हाती देतं का तिले? ऊठ!"

आमचे हे उभेच होते, तरी दचकून आणखी ताठ झाले. गार्डसाहेब हसून बाजूला झाले. लग्नाला आठ वर्षे झाली होती, पण चारचौघांत यांनी माझा हात धरला तो त्या दिवशी पहिल्यांदा. हात ओला होता. मला इतका आनंद झाला की हसू दाबता दाबता पुरेवाट झाली.

पियानो सुरू झाला आणि पहिल्याच पावलाला आमचे गुडघे एकमेकांवर आपटले.

"अगं, डावा पाय पुढे काय टाकतेस?" हे पुटपुटले. "बाईनं मागे जायचं असतं."

"तुम्ही तर डावाच पुढे टाकता. मी घरी डाळ शिजेपर्यंत रोज तसाच टाकते."

"ती पुरुषाची पावलं झाली! मेमसाहेबांच्या पायांकडे बघून शिकायचं ना."

"मी त्यांच्या पायांकडे कशाला बघू?"

मागची जोडी आमच्यावर येऊन थांबली, त्यामागची तिच्यावर. यांनी माझ्याकडे पाहिले, आठ वर्षांत पाहिले नव्हते असे.

"बरं," हे म्हणाले, "तू चल पुढे. मी मागे जातो."

आणि बापाच्या डोळ्यांदेखत, साऱ्या हॉलसमोर, हे बायकांची पावले टाकत मागे मागे जाऊ लागले. त्यांना ती मुळीच येत नव्हती.