बचतीच्या टेबलावरचा कफल्लक

एकाच टेबलावर सात वर्षं बसलं की पैसा साचत नाही, किस्से साचतात. माझं टेबल तर अल्पबचतीचं! लातूर नवा जिल्हा झाला, तेव्हा जुन्या जिल्ह्याहून खुर्च्या, कपाटं आणि आम्ही कारकून एकाच ट्रकमधून उतरलो. लोकांना बचत शिकवायचं काम माझ्या वाट्याला आलं. ज्याचा पगार पंधरा तारखेच्या पुढं कधी गेला नाही, त्याच्या वाट्याला!

त्यात दुष्काळ. आम्ही भाड्याच्या घरात, आणि नळाला घरमालकाचं कुलूप. सकाळी दोन घागरी भरल्या की मालक कुलूप लावून मोकळा. आमच्या सौ. सुमनचं एकच म्हणणं होतं, "आवं, गावाबाहेर का हुईना, आपली जागा घ्या. कुणाच्या कुलपाला हात जोडायचा लई कंटाळा आलाय."

मी दर वेळी म्हणायचो, "घेऊ की! आधी हा नवा जिल्हा टिकतो का, ते तर बघू!"

*

जळकोटच्या बाजूला एका गावात पारावर माझं भाषण होतं. मी अगदी रंगात आलो होतो. हात वर करून म्हणालो, "थेंबे थेंबे तळे साचे!"

समोर टँकरची वाट बघत बाया रिकाम्या घागरी घेऊन बसल्या होत्या. त्यातली एक म्हातारी उठली. "सायेब, आमचं तळं पार भेगाळलंय. आधी जाऊन बघून या, मंग बोला!"

सगळं गाव हसलं. पण खरी फजिती पुढंच होती. परतीच्या एसटीसाठी खिशात हात घातला तर तिकिटापुरतेही पैसे निघेनात. येताना स्टँडवर दोन प्लेट भजी हाणली होती ना! शेवटी त्याच म्हातारीनं कमरेची चंची सोडली आणि तिकिटाचे पैसे माझ्या हातावर ठेवले.

"घ्या," ती म्हणाली, "आन् जरा बचत करत जावा!"

*

मग ठरवलं, पैसा आपल्याजवळ ठेवायचाच नाही. आमचे शिपाई करीमभाई म्हणजे लोखंडी तिजोरी. एक तारखेला त्यांच्या हातात पन्नास रुपये दिले आणि बजावलं, "जागेसाठी आहेत. कुणीही मागितले, अगदी मी मागितले, तरी द्यायचे नाहीत."

वीस तारखेला मी मागायला गेलोच.

"साबनं सांगून ठेवलंय, देऊ नको म्हणून," करीमभाई म्हणाले.

"अहो, साब म्हणजे मीच की!"

"तुम्ही एक तारखेचे साब. हे वीस तारखेचे कोन हायेत, मी वळखत न्हाई!"

मला लाज वाटायला हवी होती. त्याऐवजी मी थाप मारली, सुमनला ताप आलाय म्हणून. करीमभाईंनी गुपचूप पैसे दिले. संध्याकाळी ते बायकोला घेऊन, हातात खिचडीचा डबा घेऊन घरी हजर! दार उघडलं ते सुमननं, डोक्यावर टँकरवरून भरून आणलेली घागर घेऊन.

त्या रात्री खिचडी सगळ्यांनी खाल्ली. मला कुणी वाढली नाही.

*

मार्च आला की आम्हाला बचतीचं टार्गेट. एका वर्षी माझं काही केल्या भरेना. मग मी डोकं चालवलं! पतसंस्थेतून कर्ज काढलं आणि त्या पैशाची स्वतःच्याच नावावर बचतपत्रं घेतली. टार्गेट पूर्ण! साहेबांनी सगळ्यांसमोर हार घातला. हाराच्या वर्गणीत माझेही दोन रुपये होते.

आमचे हेडक्लार्क कांबळे साहेब हिशेबाला एकदम पक्के. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि कागदावर दोन आकडे लिहिले. वर कर्जाचं व्याज, खाली बचतीचं. वरचा आकडा मोठा होता.

"सूर्यवंशी," ते म्हणाले, "तुम्ही बचत नाही करून राहिले. भाड्यानं आणून राहिले!"

*

शेवटी सुमननं जागेचा विषय काढणंच बंद केलं. ते मला फार लागलं. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात करीमभाईंनी गावाबाहेर एक जागा शोधली. शेजारच्या विहिरीला त्या दुष्काळातही पाणी! पण मालक म्हणाला, "शनिवारपर्यंत इसार आणा, न्हाई तर दुसरं गिऱ्हाईक हुबं हाय." माझ्याकडे तर दमडी नव्हती.

नशिबानं त्याच शुक्रवारी ऑफिसात नवी भिशी सुरू होणार होती. आम्ही नऊ जण. प्रत्येकानं ठरलेले पैसे द्यायचे, आपल्या नावाची एक चिठ्ठी चहापत्तीच्या डब्यात टाकायची, आणि ज्याचं नाव निघेल त्याला सगळी रक्कम. पैसे द्यायला मी बचतपत्रांतलं उरलेलं शेवटचं मोडलं. चार दिवस मी भेटेल त्याला इसाराचं रडगाणं ऐकवत होतो.

शुक्रवारी मात्र माझा नशिबावर भरवसा उरला नाही. सगळे चहाकडे वळलेले बघून मी माझ्या नावाच्या दोन चिठ्ठ्या डब्यात सोडल्या.

करीमभाईंनी डबा खडखडवला, चिठ्ठी काढली आणि ओरडले, "सूर्यवंशी साब!"

त्यांनी चिठ्ठी परत डब्यात टाकली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पैसे घेतले आणि कुणाच्या डोळ्यांत न बघता पळालो.

शनिवारी इसार दिला. सुमन त्या मोकळ्या जागेत मातीतच बसली आणि रडली. मीही रडलो. तिला वाटलं, आनंदानं.

सोमवारी कांबळे साहेबांनी टेबलापाशी बोलावलं. समोर चहापत्तीचा डबा होता.

"बसा, सूर्यवंशी. वहिनी खूश आहेत ना?"

"हाव, साहेब."

"बरं झालं. आता तुम्हाला सांगायला हरकत नाही. आम्ही आठही जणांनी ठरवून चिठ्ठीवर तुमचंच नाव लिहिलं होतं."

साहेबांनी डबा उपडा केला, एकेक चिठ्ठी उलगडून टेबलावर ओळीनं मांडली आणि बोटानं मोजली.

"आठ आमच्या. एक तुमची. झाल्या नऊ," ते म्हणाले. "मग ही दहावी कुणाची हो?"