भास्कररावांनी पाठ केलेली सीडी

भास्करराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या मोबाइलला काच बसवत होतो. त्यांची मुलगी शुभांगी बोलत होती. "काका, बाबा गेले. आज सकाळी." मी कधी, कसं एवढं विचारलं, फोन ठेवला आणि पुन्हा काच बसवायला घेतली. काचेखाली बुडबुडा राहिला. गिऱ्हाईक म्हणालं, "बुडबुडा राहिला की." मी म्हणालो, नजर कमी झाली, वय झालं. वय झालंच आहे, पण बुडबुडा त्यामुळे राहिला नव्हता. त्या दिवशी मी स्मशानात गेलो नाही. दुकान बंद ठेवता येत नव्हतं, असं घरी सांगितलं. खरं म्हणजे त्यांच्यासमोर, ते डोळे मिटून पडलेले असतानाही, उभं राहायची माझी हिंमत नव्हती. आता पाच आठवडे झाले. त्यांच्यावर लिहा असं मला कुणी सांगितलेलं नाही, मीच पुरवणीच्या संपादकांना विचारलं. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहायचं असतं. भास्कररावांबद्दल चांगलं लिहायचं तर मला स्वतःबद्दल वाईट लिहिण्यावाचून गत्यंतर नाही...

वीसेक वर्षांपूर्वी, शहराचं नाव औरंगाबाद होतं तेव्हा, औरंगपुऱ्यात माझं कॅसेट आणि सीडीचं दुकान होतं. दुकानाची एक पद्धत होती. कॅसेट असो की सीडी, गिऱ्हाइकासमोर मशीनवर लावायची, सुरुवातीचं थोडं, मधलं थोडं ऐकवायचं आणि मग बिलावर शिक्का मारायचा: "वाजवून दिली". आमच्या गावी शेंद्र्याला वडिलांनी बैलसुद्धा असाच चालवून दाखवून विकला होता, त्यामुळे ही पद्धत मला घरचीच वाटायची. त्या शिक्क्यावर गिऱ्हाइकांचा फार भरवसा होता. माझा तर जास्तच होता.

भास्करराव मूळचे लासूर स्टेशनचे, पाटबंधारे खात्यात कारकून. बुशशर्टच्या खिशाला दोन पेनं आणि हाती लागेल ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची खोड. बसच्या तिकिटाची मागची बाजूसुद्धा सोडायचे नाहीत. हॉटेलातल्या पाटीवर शुद्धलेखनाची चूक दिसली की चहा थंड झाला तरी चालेल, आधी मालकाला सांगून यायचे. ती वर्षं दुष्काळाची होती. गावोगाव टँकर फिरत होते, शहर मात्र बीड बायपासच्या पार पसरत चाललं होतं आणि नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं. पाटबंधाऱ्याचा माणूस म्हणून लोक भास्कररावांना रस्त्यात गाठून विचारायचे, पाणी कधी? ते म्हणायचे, "मी कागद हलवतो बाबा, पाणी नाय." माझ्या दुकानात ते महिन्यातून एकदा यायचे, एखादी कॅसेट घ्यायचे आणि अर्धा तास बोलून जायचे.

त्यांच्या पत्नी, वत्सलावहिनी, गारखेड्यातल्या बायकांच्या भजनी मंडळात पुढे बसून म्हणायच्या. एका उन्हाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. "हो" आणि "नको" एवढे दोनच शब्द राहिले. डॉक्टर म्हणाले, बोलणं गेलं तरी कधी कधी गाणं शिल्लक राहतं, त्यांना त्यांची गाणी ऐकवत राहा. नेमका त्याच सुमाराला वहिनी म्हणायच्या त्या भजनांचा एक नवा संग्रह निघाला. त्याची कॅसेट निघालीच नव्हती, फक्त सीडी होती. भास्कररावांकडे सीडी लावायला मुलीचा कॉम्प्युटर तेवढा होता. पण दुपारभर भारनियमन, वीज गुल. बॅटरीवर चालणारा टेप मात्र होता, आणि कॉम्प्युटरवर लागलेलं वायरीनं टेपवर उतरवून घ्यायला ते शुभांगीकडून शिकले होते.

"शेठ," त्यांनी काउंटरवर विचारलं, "ही घरी कॉम्प्युटरला लावून टेपवर उतरवता येईल ना? तिच्यासाठी पाहिजे. दुपारी लई तळमळती."

"येईल की!" मी म्हणालो.

मी सीडी लावली, ऐकवली, शिक्का मारला. वेष्टनाच्या मागं बारीक इंग्रजीत काय छापलंय ते मी वाचलं नव्हतं. आणि बसचं तिकीट वाचणाऱ्या भास्कररावांनीही त्या दिवशी वाचलं नाही, कारण मी "येईल की" म्हणालो होतो.

दुसऱ्या दिवशी ते परत आले. कॉम्प्युटर ती सीडी घेतच नव्हता. नुसती घरघर व्हायची आणि बंद पडायचं. आम्ही दोघांनी मिळून भिंग लावून मागचा मजकूर वाचला. नक्कल होऊ नये म्हणून सीडीत कुलूप घातलं होतं आणि ती कॉम्प्युटरवर चालणार नाही, असं तिथं लिहिलं होतं. ते म्हणाले, "मग तुमच्या मशीनवरून उतरवून द्या." माझ्याकडे सीडीचं मशीन होतं, टेप होता, मध्ये एक वायर जोडायची. तासाभराचं काम. मी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं: "कॉपी करून मिळणार नाही". ती पाटी वितरकाच्या माणसानं लावली होती आणि जालना रोडच्या नव्या कॉम्प्लेक्समध्ये मला त्यांचा अधिकृत विक्रेता व्हायचं होतं. वर मी आवाज खाली करून शहाणपणा शिकवला, "फूटपाथवर बघा ना, हीच गाणी मिळतात, कुठंही वाजतात." भास्कररावांनी बिल माझ्यासमोर धरलं. "मी विकत घेतलंय शेठ," ते म्हणाले. "चोराकडून कशाला घेऊ?"

त्यांनी कंपनीला पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. मग ग्राहक मंचात तक्रार केली. करण्याआधी दुकानात येऊन मला सांगून गेले, हे मुद्दाम लिहितो. "विकणारा म्हणून तुमचंबी नाव टाकावं लागतंय, वाईट वाटून घेऊ नका. मला पैसे नाय पाहिजेत. पुस्तक विकत आणलं अन् घरी बसून वहीत उतरवून घेतलं तर कोणी अडवतंय का? सीडी माझी, टेप माझा, बायको माझी. एवढंच इचारायचंय. तुम्ही फक्त जे झालं ते सांगा." मी म्हणालो, सांगतो की. काय सांगायचं होतं मला? त्यांनी विचारलं होतं आणि मी हो म्हणालो होतो, एवढंच.

वितरकाचा माणूस टाइप केलेलं प्रतिज्ञापत्र घेऊन आला. "एक दस्तखत की बात है भाई, बाकी हम देख लेंगे." त्यात लिहिलं होतं की सीडी दुकानात वाजवून दिली होती, बिलावर तसा शिक्का आहे. हे खरं होतं. पुढं लिहिलं होतं की टेपवर उतरवण्याबद्दल मी कोणतंही आश्वासन दिलं नव्हतं, उलट तक्रारदारानं अनेक प्रती काढून वाटण्याचा मनोदय माझ्याजवळ बोलून दाखवला होता. ते वाक्य मी वाचलं. घाईत वाचायचं राहिलं, असं म्हणायची सोय मला नाही. दोनदा वाचलं आणि सही केली.

सुनावणीला भास्करराव वकील न लावता स्वतःच उभे राहिले. माझं प्रतिज्ञापत्र मोठ्यानं वाचलं गेलं. "अनेक प्रती काढून वाटण्याचा मनोदय" हे शब्द आले तेव्हा त्यांनी वळून माझ्याकडे एकदाच पाहिलं. राग असता तर मला बरं वाटलं असतं. एखाद्या कागदावर न कळणारा शेरा दिसावा, तसे ते माझ्याकडे बघत होते. "यावर काही म्हणायचंय?" असं त्यांना विचारलं गेलं. ते म्हणाले, "नाय साहेब." पुढं निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. माझी सही समोर असताना दुसरं काय होणार होतं? पायऱ्यांवर मी काहीतरी पुटपुटायला गेलो, तर घड्याळ बघत म्हणाले, "आज नळाला पाणी हाय शेठ, मला निघाया पाहिजे." आणि गेले.

मला वाटलं, आता हा माणूस दुकानाची पायरी चढणार नाही. आठवड्याभरातच ऑफिस सुटल्यावर ते आले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "ती सीडी लावता का जरा?" मी लावली. ते डोळे मिटून ऐकत राहिले, मधूनच खिशातला कागद काढून काही लिहीत राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशीही. असं कित्येक महिने. मला वाटायचं, मला टोचायलाच येतात. ते गेले की शेजारच्या दुकानदाराला मी म्हणायचो, "गेले आमचे फिर्यादी." आम्ही दोघं हसायचो... हे लिहितानाही कानशिलं तापतात. पुढं ते यायचे थांबले आणि मी सुटलो.

काही वर्षांत सीडी गेल्या. कुलूपवाल्याही गेल्या आणि बिनकुलपाच्याही. जालना रोडच्या माझ्या नव्या दुकानात मोबाइल आले आणि येईल त्याच्या मेमरी कार्डात मी स्वतः गाणी भरून द्यायला लागलो. कुणाची, कुठून आली, कुणाच्या परवानगीनं, हे मी एकदाही विचारलं नाही. पाटीबिटी कुठली आता! एकदा भास्करराव रिचार्जला आले. मी उगाचच मोठेपणानं म्हणालो, "ती भजनं भरून देऊ का तुमच्या फोनमध्ये? एका मिनिटाचं काम."

"राहू द्या," ते म्हणाले. "आता तिला माझ्या आवाजाची सवय झाली."

मला कळेना. ते हसले. "पाठ केली ना सगळी तुमच्याकडं बसून. दुपारी शुभांगी म्हणायची, सुट्टीच्या दिवशी मी. नंतर मी रिटायर झालो, मग रोज मीच. आवाज लई बेकार माझा, पण चालवून घेती बिचारी." मी रिचार्ज करून दिला. त्या क्षणी काउंटरवरून बाहेर येऊन त्यांचे हात धरायला हवे होते. "भास्करराव, मी खोटं लिहून दिलं" एवढं म्हणायला किती वेळ लागतो? मागं दोन गिऱ्हाइकं उभी होती, हे कारण मी तेव्हा स्वतःला दिलं आणि पुढं दहा वर्षं तेच देत राहिलो. ते पुष्कळदा आले. प्रत्येक वेळी मागं कोणीतरी उभं होतंच.

परवा मी गारखेड्याला गेलो. वत्सलावहिनी खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या, शेजारी शुभांगी. मी चपला काढल्या आणि तसंच उभ्याउभ्या सांगून टाकलं, नाहीतर पुन्हा राहिलं असतं. "वहिनी, मंचात मी खोटं लिहून दिलं होतं. त्यांनी मला विचारलं होतं आणि मी येईल की म्हणालो होतो."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. "हो," त्या म्हणाल्या. त्या "हो"चा अर्थ माफ केलं असा होता, की आम्हाला ठाऊक होतं असा, हे मला कळलं नाही. त्यांच्याकडे मुळात शब्दच दोन.

मी निघायला लागलो तर शुभांगी म्हणाली, "बसा काका, आईची गायची वेळ झाली. आता वीज जात नाही, पण वेळ तीच." आणि वहिनींनी सुरू केलं. जी बाई पाणी मागू शकत नाही, तिच्या तोंडून अख्खी ओळ आली, एकही शब्द न गाळता. फक्त एका शब्दाच्या मध्येच त्या थांबल्या, श्वास घेतला आणि पुढं गेल्या. सीडीतली गायिका ती ओळ एका दमात म्हणते. मला नक्की ठाऊक आहे, ती मी कित्येक महिने रोज वाजवली आहे. मी शुभांगीकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, "बाबांना दमा होता ना. ते तिथं थांबायचे."

ओळ संपली. वहिनी गप्प झाल्या आणि माझ्याकडे बघू लागल्या. मी शुभांगीला विचारलं, काय झालं?

"एक ओळ आई म्हणायची, एक बाबा," ती म्हणाली. "पुढची त्यांची असते. मी म्हटलेली आता चालत नाही तिला, पुरुषाचा आवाज लागतो. तुम्हाला येते का काका?"

मला ती ओळ शब्दन् शब्द पाठ होती. वहिनी वाट बघत होत्या. मी तोंड उघडलं आणि मला ती म्हणता आली नाही.