न थांबलेली उचकी

त्या दिवशी हे शाळेतून आले, हातपाय धुऊन जेवायला बसले आणि त्यांना उचकी लागली.

महाराष्ट्र नवा होता, जानेफळचं हायस्कूलही नवं होतं आणि हे तिथं शिकवत. आमच्या घरी उचकीवर एकच उपाय होता. कोणीतरी आठवण काढतंय असं धरून एकेक नाव घ्यायचं. खऱ्या माणसाचं नाव आलं की उचकी थांबते. सासूबाईंनी तव्यावरची भाकरी उलटवत सुरुवात केली.

"कोन आठवन करून राह्यलं रे तुयी? मलकापूरची आत्या?"

उचकी आली.

"सुलतानपूरचा मामा असन," धाकटे दीर म्हणाले. "दादा, त्याची छत्री वापस कर. पाऊस सरला तरी तुह्याच खुंटीवर हाय."

"मामा नाही बे. तो घरच्या मानसाले आठवत नाही, याले काय आठवन?" सासूबाई म्हणाल्या.

"मंग वहिनीच्या माहेरचे."

"हाव, जावयाले खाऊ घालून थकले, आता आठवनीवरच भागवतात."

मी पदराआड हसले. हेही हसले, पण हसू घोगरं निघालं. मागच्या बाकापर्यंत पोचणारा ह्यांचा आवाज मला माहीत होता. हा दुसऱ्याच कोणाचा होता. सासूबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. पहिलाच घोट नाकातून परत आला. हे उठायला गेले आणि डावीकडे कलंडले, कोणी खांद्याला धक्का द्यावा तसे.

सासूबाईंनी त्यांचे दोन्ही हात दाबून पाहिले, पाय उचलायला लावले. ताकद जागच्या जागी होती.

"वारं गेलं नाही," त्या म्हणाल्या.

आम्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. वारं जाणं म्हणजे हातपाय लुळे पडणं. ते झालं नव्हतं, म्हणजे काहीच झालं नव्हतं. पित्त असेल, झोपेनं उतरेल, असं ठरलं.

सकाळी उचकी चालूच होती. दिरांच्या आधारानं हे न्हाणीपर्यंत गेले. मी बादलीत पाणी ओतलं. त्यांनी उजवा हात बुडवला.

"कोमट आहे."

पाण्याची वाफ मला दिसत होती. दुसरा हात घालून पाहा, मी म्हटलं. डावा हात लागताच त्यांनी तो झटक्यानं मागे घेतला. मग उजवा पुन्हा बुडवला आणि तिथंच ठेवला. तो लाल होत गेला. फळ्यावरचं गणित सुटेना की बघत, तसे ते त्या हाताकडे बघत होते. शेवटी मीच तो बाहेर ओढला.

एस.टी.नं आम्ही बुलढाणा गाठलं. डॉक्टरांनी काचेच्या दोन नळ्यांत गरम आणि गार पाणी घेऊन ह्यांच्या अंगाला लावून पाहिलं. उजव्या हाताला, उजव्या पायाला दोन्ही सारखीच. चेहऱ्यावर मात्र उलट: डावा गाल बधिर, उजवा शाबूत. डावी पापणी अर्धी उतरलेली.

मी प्रश्न विचारत होते, म्हणून डॉक्टर समजावून सांगत गेले. मेंदू मानेत उतरतो तिथं अंगठ्याएवढा जाड देठ असतो. त्याच्या डाव्या कडेची रक्तवाहिनी बंद झाली होती. अंगाचं ऊन-गार आणि दुखणं मेंदूला कळवणारी वाट पाठीच्या कण्यातच बाजू बदलते आणि मग वर जाते. म्हणून इजा डावीकडे आणि बधिरपणा उजव्या अंगाला. चेहऱ्याची वाट तिथं अजून आपल्याच बाजूला असते. हातपाय हलवणारी वाट पुढच्या अंगानं जाते, ती वाचली होती. गिळणं, आवाज आणि उचकी यांचा कारभार मात्र त्याच नखाएवढ्या जागेत.

"गिळणं परत येतं का?"

"पुष्कळांचं येतं. तोवर तोंडानं थेंबही देऊ नका."

नाकातून नळी घातली. आम्ही एका घोटाची वाट पाहू लागलो. हे माझा हात इतका घट्ट धरत, की बांगड्या रुतायच्या. एवढी ताकद असलेल्या माणसाला चमचाभर पाणी पिता येत नाही, हे माझ्या डोक्यात शिरत नव्हतं.

सासूबाई खाटेशी बसून नावं घेतच राहिल्या. जिवंत नातलग संपले. एका दुपारी त्या हळूच म्हणाल्या, "तुया बाप तं नसन?"

सासरे जाऊन वर्षं झाली होती. उचकी आली. सासूबाईंनी हात जोडले.

"नाही आठवत तो. चांगलं झालं."

मग ताप आला. माणूस दिवसभर स्वतःची लाळही गिळत असतो, हे आम्हाला कोणालाच सुचलं नव्हतं. ती फुप्फुसात उतरत होती. तापात उचकी थांबली. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या वेळी कोणी कोणाचंही नाव घेतलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी हे गेले.

दीर आता मलकापूरला नोकरीवर असतात. घरात सासूबाई आणि मी आहोत. मामांनी छत्री परत मागितली नाही, ती खुंटीवरच आहे. कोणाला उचकी लागली तर आम्ही नावं घेत नाही. पाणी देतो आणि घोट खाली उतरेपर्यंत त्याच्या गळ्याकडे बघतो.