निळं टोपण

आमची मोहीम संपत आलीय. समुद्रतळाखालची माती भरलेल्या नळ्या जहाजावर ओळीने ठेवल्यात. वरच्या, म्हणजे नव्या थराच्या टोकाला निळं टोपण, खालच्या, जुन्या थराच्या टोकाला पांढरं. माझ्या सहकारी मेधाताई प्रत्येक टोपणावरून पुन्हा पुन्हा बोट फिरवताहेत.

“ताई, तपासून झालंय की सगळं!”

“एखादं उलटं लागलं असेल तर? आधीचं नंतर न् नंतरचं आधी होऊन बसेल गं.”

पलीकडे ड्रिलचे पाइप वर ओढताहेत. आता पुन्हा खाली जाणं नाही.

सकाळी आजारी बाबा फोनवर दोनच वाक्यं बोलले, ‘काळजी करू नकोस’ आणि ‘लवकर ये’. मग फोन कट झाला. यातलं शेवटी कुठलं म्हणाले, काही केल्या आठवत नाही. फोन अजून लागत नाहीये. मीही ताईंशेजारी बसते आणि पहिल्या नळीपासून टोपणं बघायला लागते.