गढीचा ऱ्हास

नंदुरबारला कॉलेजकडे चालत येताना मिरच्यांच्या पथाऱ्या लागतात. लांबवर लाल अंथरलेलं असतं, नाकात झणका बसतो. आज सकाळी मात्र रस्त्याकडेच्या एका जुन्या घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या छपरावर, कुणीतरी पाणी शिंपत होतं, आणि त्या झणक्यातूनही ओल्या पांढऱ्या मातीचा वास माझ्यापर्यंत आला. खारट, थंडगार. मी थांबले. पिशवीत इतिहासाचा प्रकल्प होता आणि तो आज वर्गात उभं राहून वाचायचा होता.

विषय आमच्या गावच्या गढीचा ऱ्हास. तापीकाठच्या आमच्या बाजाराच्या गावात गढी म्हणजे आता एक बुरूज, मातीचा ढिगारा आणि त्यावर बाभळी. ती कोणी बांधली हे कुणालाच नीट सांगता येत नाही. पडली कशी विचारलं, की मात्र पारावरचे सगळे शत्रूच्या तोफांकडे बोट दाखवतात. मीही तेच लिहिलं होतं. घरातून कॉलेजला आलेली मी पहिलीच. पुस्तकात शोभेल असं लिहावं, एवढंच मला कळत होतं.

सुट्टीत घरी गेले तेव्हा माय धाब्यावर होती. आमचं छप्पर मातीचं, सपाट. पावसाळ्याआधी त्यावर पांढरी माती पसरून पायांनी दाबली नाही तर घर गळतं. मी खालून टोपल्या देत होते. भीत भीत विचारलं, "माय, गढीचा ऱ्हास कसा झाला?"

"कोठे ऱ्हास?" तिने कमरेवर हात ठेवले. "आठेच ऱ्हास ना! येडी शे का तू?" आणि पायाखालच्या मातीवर टाच आपटली.

आमच्या अहिराणीत 'आठे' म्हणजे 'इथे' आणि 'ऱ्हास' म्हणजे 'राहते'. मी हसत सुटले. ऱ्हास म्हणजे नाश, असं समजावलं, तर म्हणाली, "मंग तुन्हं कालेज उलटं बोलस. तोफ बीफ काय नई. आम्हीच खनी खनी आनी. टोपली दे, मास्तरीन!"

माझं हसू तिथेच थांबलं. शिडी चढून वर गेले. खाली गावभर पांढरी धाबी पसरलेली होती. दर वैशाखात बायका कुदळ घेऊन गढीवर जात आणि तिची भिंत टोपलीटोपलीने डोक्यावरून घरी येई. कुणाला तरी बाहेर ठेवायला रचलेली माती आमच्या अंथरुणावर पाणी पडू देत नव्हती. मधूनमधून स्लॅबची नवी घरंही दिसत होती. धाबं मोडलं की ती माती आता उकिरड्यावर जाते. पुस्तकातला ऱ्हास बहुधा इथून सुरू होतो.

तरी इतके दिवस तोफांचं पान मी तसंच ठेवलं. आमच्याच आयांनी गढी खणली, हे वर्गात सांगायचं, तेही अहिराणीत? मुलं हसतील, सर पुरावा मागतील.

आज त्या ओल्या वासात, रस्त्याकडेच्या दगडावर बसून, मी त्या पानावर आडवी रेघ मारली. खाली मायचं बोलणं लिहिलं, तिच्याच शब्दांत. पुरावा मागितला तर सरांना आमच्या शिडीवर चढवीन. मुलं हसली तर हसू देत. 'गढी आठेच ऱ्हास' इथपर्यंत वाचूनच खाली बसेन.